सखूबाईंचा झ

किस्से काही मुद्दाम जमवावे लागत नाहीत. पाट्या पुसल्या, की तेवढेच उरतात! सत्तरच्या दशकात प्रतापनगरजवळच्या एका वस्तीत मी दुपारी बायकांना लिहायला शिकवायची. वर्ग विहाराच्या हॉलमध्ये. सगळ्या माझ्या आईच्या वयाच्या, आणि मला म्हणायच्या 'बाई'!

*

ग शिकवत होते. कौसल्याबाईंनी फळ्याकडे बघून विचारलं, "बाई, हा दांडा असा अलग काहून उभा हाय?"

मागून जनाबाई म्हणाल्या, "अलग चूल मांडली असन वं! छत तेवढं एकच ठेवलं!"

त्या दिवसानंतर ग कुणाचाच चुकला नाही.

*

याच जनाबाईंची रांगोळी मोहल्ल्यात नंबर एक. पाटीवर मात्र अ काही जमेना. शेवटी मी म्हटलं, "रांगोळी समजून काढा." झालं! अ असा उतरला, की मीच बघत राहिले.

परीक्षेला अर्धा तास उलटला, तरी जनाबाईंच्या पेपरवर एक अक्षर नाही. नुसते ठिपके! मी जवळ जाऊन उभी राहिले.

"घाई नका करू, बाई. पयले ठिपके त होऊ द्या!"

*

तपासणीला साहेब आले. वर्ग ठेवायचा की बंद करायचा, ते त्यांच्या शेऱ्यावर होतं. साहेबांनी कौसल्याबाईंना फळ्यावर 'नळ' लिहायला सांगितलं. त्यांनी न लिहिला आणि थांबल्या. ळ आठवेना.

"अर्धाच लिहिला?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, आमच्या इकडे नळ येतेच अर्धा घंटा!"

साहेब खुर्चीतून पडायचेच बाकी राहिले. वर्ग वाचला.

*

सखूबाई साठीच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मले आधी झ शिकवा."

"अहो, अ सोडून एकदम झ? फार कठीण अक्षर आहे ते!"

"असू द्या."

पंधरा दिवस त्या झशी झुंजल्या. कधी पोट मोठं, कधी शेपूट पाटीबाहेर! झच काहून, ते मात्र सांगेनात. एकदाचा जमला, तर म्हणतात, "आता याले वेलांटी कशी देतात?" मग ब मागितला, मग ल. आणि वर्गाला येणंच बंद!

आठवड्यानं त्यांचे यजमान दारात उभे. "बाई, मी झिबल. सखूचा घरवाला. जरा घरी चलता का?"

सखूबाईंना बरं नाही की काय, म्हणून मी तशीच निघाले. बघते तर घराच्या दर्शनी भिंतीवर खडूनं, हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: झिबल. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, आणि सखूबाईंच्या तोंडून हे नाव वस्तीत कुणीही ऐकलं नव्हतं. त्या आत चुलीपुढे, आमच्याकडे पाठ करून बसलेल्या.

म्हातारा हळूच म्हणाला, "मले त वाचता येत नाही, बाई. इचारलं, काय लिहिलं वं? त नुसती हासते, सांगतच नाही!"