फिटच्या गोळ्या आणि शिमग्याची ताडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर आता नाहीच. आज सांगायला बसलो खरा, पण मघापासून भलतीकडेच घसरतोय—आधी दारूबंदीवर, मग दवाखान्यातल्या गर्दीवर, मग डॉक्टरांवर. स्वतःवर काही येत नाही. या वयातही येत नाही, याचाच संताप होतो.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हाची गोष्ट. मी बोईसरला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. डॉक्टर आतून चिठ्ठी पाठवायचे. गोळ्या कागदात बांधून द्यायच्या आणि त्या कशा घ्यायच्या, काय पाळायचं ते सांगायचं, हे माझं काम. बांधकामामुळे माणूस इतका वाढला होता, की दुपारपर्यंत माझा घसा बसायचा. पण घसा सगळ्यांचाच बसतो, नाही का?

किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात रामा म्हणून एक जण होता. त्याला फिट यायच्या. एकदा भर समुद्रात आली, तेव्हापासून त्याचा भाऊ त्याला होडीवर घेईना. तो घरी जाळी दुरुस्त करत बसायचा. डॉक्टरांच्या गोळ्यांनी फिट कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. म्हणून शिमग्याच्या आठ दिवस आधी त्यांनी गोळ्या दुप्पट केल्या आणि मला मुद्दाम आत बोलावून सांगितलं, की या गोळ्यांवर ताडी किंवा दारू गेली तर श्वास मंदावतो, माणूस झोपेतून उठत नाही. सण तोंडावर आहे, त्याच्या बायकोला नीट समजावून सांग.

मी मान हलवली आणि खिडकीशी आलो.

त्याची बायको हिराबाई बाहेर उभी होती. मासळी विकून आली होती. मी सांगितलं—सकाळी दोन, संध्याकाळी दोन, जेवणानंतर. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. मग म्हणाली, आधी एक होती, आता दोन कशा? मागे माणसं खोळंबलेली. मला तिचा राग आला. खरंच आला—तो राग अजून आठवतो, आणि कशाचा होता ते मात्र आठवत नाही. शेवटी तिनं विचारलं, "भाऊ, आनखी काय पाळायचं हाय का?"

तिनं विचारलं होतं हो. त्याहून वेगळी आठवण मला कुणी करून द्यायची गरज नव्हती.

मी म्हणालो, "काही नाही. जा आता, मागच्यांना येऊ दे."

शिमग्याला दारूबंदी कागदावरच असायची. रामानं दुपारी सगळ्यांबरोबर ताडी घेतली. ढोल-नाचात त्याला फिट येईल म्हणून हिराबाईनं संध्याकाळच्या गोळ्या दुपारीच दिल्या, स्वतःच्या हातानं. तो होडीच्या सावलीत आडवा झाला. चढली असेल, असं म्हणून कुणी उठवलं नाही. ऊन कलल्यावर भाऊ हाक मारायला गेला, तर अंग गार.

दोन दिवसांनी रामाचा भाऊ हिराबाईला घेऊन दवाखान्यात आला. डॉक्टरांनी मला बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "वसंत, ताडीचं सांगितलं होतंस ना?"

किती वेळ गेला असेल? एक श्वासभर. नोकरी जाईल, असंही माझ्या मनात आलं नाही. एवढंच वाटलं, की इतक्या माणसांत आपण चुकलो असं कसं म्हणायचं!

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "दोनदा सांगितलं."

हिराबाईनं माझ्याकडे पाहिलं. आता ही बोलणार, असं मला वाटलं. बोलली असती तर—कदाचित मी कबूल झालो असतो. कदाचित तिलाच खोटं पाडलं असतं. काय केलं असतं, कोण जाणे. पण ती खाली बघून हळूच म्हणाली, "सांगितलं आसल. माज्याच ध्यानात रेलं नाय."

तिनं स्वतःच्या कानांपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

वर्षाच्या आत सासरच्यांनी तिला माहेरी धाडलं. ती बोईसरच्या बाजारात सुकट-बोंबील विकायला बसायची. बायका तिच्याकडून मासळी घ्यायच्या आणि चार पावलं गेल्यावर तिच्याबद्दल कुजबुजायच्या. ते मी ऐकलंय. ऐकून पुढे चालत गेलोय. पुढे तिची मुलगी तापानं आजारी पडली, तेव्हा हिराबाई दवाखान्यात आली. औषध हातात घेऊन माझा शब्द न् शब्द तिनं मला परत म्हणून दाखवला आणि विचारलं, "बरोबर हाय ना, भाऊ? माजं डोकं धड नाय." मी म्हणालो, बरोबर आहे.

तेव्हा सांगता आलं असतं. नंतर पालघरला राहायला गेलो, तेव्हाही. एकदा तर ठरवून तिच्या भावाच्या घरी गेलो होतो. तिनं चहा केला. मासळी यंदा कमी आहे, असं काहीबाही बोलणं झालं. चहा पिऊन मी उठलो.

ती वारली, तेही मला उशिरा कळलं. तिची सासरची माणसं अजून त्याच कोळीवाड्यात आहेत. रामाचं नाव निघालं की आजही म्हणतात, बायकोला सांगून ठेवलं होतं, तरी तिनं ताडीवर गोळ्या चारल्या.

तिला कुणीही सांगितलं नव्हतं. सांगायचं मला होतं.