दरीवरचा पूल आणि हमीदभाईंची सही

हमीदभाई मिस्त्रींशी माझी पहिली ओळख भांडणातून झाली. अकोटच्या उत्तरेला, सातपुड्यातल्या नदीच्या एका खोल दरीवर वेगवान गाड्यांचा पूल उभा राहत होता. कापसावर भागेना, म्हणून तेल्हाऱ्याकडचे शेतकरी तिथे मजुरीला गेले होते. त्यांतला देविदास खांबावरून पडून मेला. शेतकऱ्यांचा कार्यकर्ता म्हणून तिसऱ्या दिवशी मी कामाच्या फाटकावर सभा घ्यायला पोहोचलो. खांबांचे मुकादम हमीदभाई होते. माझा सारा राग त्यांच्यावर.

"भाऊ, अगोदर पानी प्या," ते म्हणाले. "कोरड्या घशानं शिव्या नीट निंगत नाहीत."

मग त्यांनी घडले ते सांगितले. नव्या खांबाच्या बुडाशी मजुरांनी नारळ फोडला, कुंकू वाहिले. पूजा झालेल्या जागी पायताण घालून आपला माणूस कसा चढेल? सगळ्यांनी कंपनीचे बूट खाली काढून ठेवले. कमरेचा पट्टा अडकवण्याआधीच ओल्या सळईवरून देविदासचा अनवाणी पाय निसटला.

चौकशीच्या कागदावर लिहिले होते : मजुराचा निष्काळजीपणा. शेतात विष पिऊन मेला तर दारुडा, पुलावर मेला तर निष्काळजी. आमच्या माणसाला मेल्यावर गुन्हेगार ठरवण्याची त्या वर्षांत रीतच पडली होती. देविदासची बायको सुभद्राबाई तिथेच बसली होती. ती एवढेच म्हणाली, "लेकराइले काय सांगू? बाप बेफिकीर होता?"

साक्षीदार म्हणून सही हमीदभाईंची हवी होती. कंपनीच्या साहेबांनी समजावले, "बूट त्यानेच काढले ना? यात खोटं काय आहे?"

"त्यानं काढले, म्या पाह्यलं अन् चढू देलं. हात जोडून मी बी थितंच उभा होतो. माहं नाव लिहा, मंग सही करतो."

कागद बदलला. देविदासवरचा ठपका गेला, आणि हमीदभाईंची नोकरीही.

निघताना त्यांनी मजुरांना जवळ बोलावले. "दसऱ्याले अवजार पूजता ना? बूट बी अवजारच हाय. त्याले कुंकू लावा अन् घालूनच चढा."

"चाचा, बुटापुढं नारळ कोन फोडन?" एक म्हातारा म्हणाला.

"तुह्या टकुऱ्यावर फोडू."

देविदास गेल्यापासून माणसे पहिल्यांदा हसली. पुढे त्या पुलावर अनवाणी कोणी चढले नाही. हमीदभाई मात्र अकोटात दारे-खिडक्या बसवत राहिले. स्वतःहून ही गोष्ट त्यांनी कुठे काढली नाही.

आज ते पंचाहत्तर वर्षांचे झाले. गाडी ती दरी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ओलांडते. पुलावर देविदासचे नाव नाही, यांचेही नाही. हमीदभाई, तुमचे डोळे आणि गुडघे शाबूत राहोत. आपली चूक आपल्या तोंडाने सांगायला आम्ही शिकेपर्यंत तुम्ही आमच्यात हवे आहात. आणि आमची चाल पाहता, तुम्हाला फार म्हणजे फारच वर्षे जगावे लागेल.