आऱ्याला दिलेला नारळ

"आज ना पुनव, ना आवस. मग मिस्त्रीनं आऱ्याला नारळ कशाला दिलान गो?"

"खोबरं मिळालं ना तुला? खा नि गप बस."

दासगावजवळच्या छोट्या स्टेशनावर पॅसेंजरची वाट पाहणाऱ्या दोन बायकांचं हे बोलणं निवृत्तीनंतरही माझ्या कानात तसंच आहे. मी तेव्हा नवी उपनिरीक्षक होते. शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, स्वभाव भिडस्त. ठाण्यात मी बोलण्यापेक्षा ऐकायचेच जास्त.

त्या बायका स्टेशनामागच्या सॉ मिलच्या वस्तीतल्या; आरा म्हणजे त्या मिलची मोठी करवत. रेल्वेच्या बोगद्यांना फळ्या पुरवायला ती मिल सुरू झाली. रूळ पडले, ठेकेदारांचे कॅम्प उठले. मिल आणि कामगारांची वीसेक घरं मागे राहिली.

त्याच आठवड्यात वरंधकडच्या एका वाडीच्या देवराईतला जुना साग चोरीला गेला होता. राईत शेवटचा दिसला म्हणून म्हातारा गुरव आमच्या कोठडीत होता. दुसऱ्या दिवशी अकराला त्याला कोर्टात न्यायचं होतं. पंचनाम्याच्या वेळी त्याची बायको मला म्हणाली होती, "राईतली काडी उचलायची तरी आमी आधी नारळ देतो, बाय. ह्ये साग तोडतील?"

ते आठवलं आणि मी पॅसेंजर सोडून दिली. सोबतच्या वयस्क हवालदारांना घेऊन थेट मिल गाठली.

मिस्त्री आऱ्याला धार लावत होता. मी एवढंच विचारलं, "नारळ कोणत्या लाकडासाठी दिलात?"

तो कानस घासत राहिला. मी वाट पाहत राहिले. तेवढं मला छान जमायचं. शेवटी त्याने कानस खाली ठेवली. "मी राईच्याच वाडीतला, बाय. मालकाचा ट्रक साग घेऊन आला नि सालीवर शेंदूर दिसला. नाय कापलं तर राहतं घर जाईल. मग आऱ्याला नारळ देऊन देवीकडं मागून घेतलं नि कापलं."

"साल कुठे आहे?"

"शेंदराची साल जाळतात होय?"

ती त्याच्या घरी देवांजवळ, लाल फडक्यात होती. पंचांसमोर जप्त केली.

सकाळी राईत ती साल तोडलेल्या सागाच्या बुंध्याला लावली. शेंदराचा अर्धा पट्टा बुंध्यावर होता, अर्धा सालीवर. काठाला काठ बसला. हवालदार, वय विसरून, जीपकडे पळत सुटले.

भीतीने गुन्ह्याला हातभार लावणारा माणूसही एखादी गोष्ट फेकून देऊ शकत नाही. ती कुठे जपली असेल, हे पुढे प्रत्येक तपासात मी आधी शोधलं.

ठाण्यात पोहोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. गुरव बेड्यांसह दारात उभा होता. साहेब हसले. "काय मॅडम, नारळावरून तपास?"

एरवी मी मान खाली घातली असती.

"साल बुंध्याला बसली, साहेब," मी म्हणाले. "काकांच्या बेड्या काढायला सांगा. कोर्टात मी बोलते."