मास्तरांचे कान

मास्तर गेल्याची बातमी मावशीने दुकानात ऐकली. समोर एक आजोबा बसले होते आणि श्रवणयंत्राच्या साच्यासाठी त्यांच्या कानात तिने नुकताच मऊ मसाला भरला होता. तो घट्ट होईपर्यंत गिऱ्हाइकाने बोलायचं नाही, हलायचं नाही, असा नियम. कोपऱ्यातल्या रेडिओवर जॅझमधले थोर ड्रमवादक गेल्याचं सांगितलं गेलं आणि तो नियम त्या दिवशी मावशीनेही पाळला. मग तिने साचा काढला, कुठे चीर पडली नाही ना ते उजेडात धरून पाहिलं, डबीत ठेवला, आजोबांना हात धरून दारापर्यंत सोडलं. त्यानंतर कान तपासायच्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं आणि ती रडली. ती खोली बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून बांधलेली. आतलाही बाहेर जात नाही, हे तिला माहीत होतं.

हे मला तिनेच नंतर सांगितलं. सांगताना तिचा रोख असा, की बघ, तुझी आई काय करत होती त्या वेळी? आई त्या वेळी हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर चादरी मोजून घेत होती.

मावशी थोरली, आई धाकटी. मावशीला प्रत्येक गोष्ट मिळवावी लागली आणि आईला ती आपोआप मिळत गेली, असं निदान मावशीचं म्हणणं. ती रांगेत उभी राहायची आणि खिडकी आईच्या समोर उघडायची. शाळेतल्या बाईंपासून ते आजोळच्या मांजरापर्यंत सगळे आईच्या मागे. लग्न मावशीने केलं नाही, आणि का केलं नाहीस हे विचारायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती. पण एक गोष्ट तिने स्वतः शोधून काढली होती, जिच्यात आईचा काही वाटा नव्हता. ती म्हणजे मास्तरांचा ड्रम.

विशीत असताना तिने मैत्रिणीच्या घरी त्यांची रेकॉर्ड ऐकली आणि तिथून पुढे ती त्यांचीच झाली. मास्तर हे नाव चाहत्यांनी ठेवलेलं. ते कुठेही वाजवोत, मावशी जायची. खांबामागची स्वस्तातली खुर्ची, एकच कॉफी, शेवटपर्यंत पुरवलेली. मास्तर काठ्या खाली ठेवून हळुवार वाजवायचे तारांचे ब्रश हातात घ्यायचे तेव्हा ती डोळे मिटायची. आईला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. जिन्यावरून भांडी घरंगळल्यासारखं वाटतं, असं ती एकदा म्हणाली होती आणि ते मावशीने कधी माफ केलं नाही.

मग व्हायचं तेच झालं. म्हातारपणी मास्तरांनी दर शनिवारी आईच्याच हॉटेलात वाजवायला सुरुवात केली. घर लांब, म्हणून हॉटेलने त्यांना रात्रीपुरती खोली दिली. खोली चौथ्या मजल्यावर, आणि चौथ्या मजल्याच्या खोल्या आईच्या ताब्यात. मास्तर दोन उशा जास्त मागतात, एवढं आई एकदा जेवताना बोलून गेली. मावशी ताटावरून उठली नाही, पण पुढे कितीतरी दिवस आमच्याकडे फिरकली नाही. तेव्हापासून आईने मास्तरांचा विषय काढणं बंद केलं. मावशीला वाटायचं, ही मुद्दाम लपवते. आई म्हणायची, सांगितलं तरी पोटात दुखतं, नाही सांगितलं तरी दुखतं, मग न सांगितलेलं काय वाईट?

मास्तर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी चाहते रेकॉर्डच्या दुकानात जमले. मावशीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणून आई तिच्याबरोबर निघाली, आणि गाडी मी चालवत होते म्हणून मीही. दुकानदाराने रेकॉर्डच्या पेट्या भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. तो या मंडळींचा पुढारी. एक दाताचे डॉक्टर होते, एक टॅक्सीवाला, संगीतशाळेतल्या एक बाई आणि आणखी दहाबारा जण. सगळ्यांचे डोळे लाल. पण थोडा वेळ बसल्यावर माझ्या लक्षात आलं की शोकाबरोबर तिथे एक शर्यतही चालली आहे. डॉक्टरांनी मास्तरांना तरुणपणी ऐकलं होतं. टॅक्सीवाल्याने त्याच्याही आधी. संगीतशाळेच्या बाईंचा हात मास्तरांनी हातात घेतला होता. मावशी म्हणाली, मास्तर एकदा थांबून माझ्याशी बोलले होते. काय बोलले, हे कोणी विचारायच्या आत दुकानदाराने आईकडे वळून विचारलं, तुम्हीपण ऐकायचात का?

"नाही हो," आई म्हणाली. "मला त्यातलं काही कळत नाही. मी फक्त त्यांची खोली आवरायचे."

मग एकेक करून खुर्च्या आईच्या दिशेने वळल्या.

आईने काही फुगवून सांगितलं नाही, आणि तिथेच सगळं बिघडलं. वाजवून आले की मास्तर मनगटांना ओले टॉवेल गुंडाळून खिडकीपाशी बसायचे, असं तिने सांगितलं. जेवणाच्या ट्रॉलीवरच्या झाकणांवर बोटं वाजवून बघायचे आणि एखादं झाकण आवडलं तर पुढच्या शनिवारी तेच आणा म्हणायचे. माझे वडील आजारी होते तेव्हा दर वेळी दारातच त्यांची चौकशी करायचे, आणि वडील गेल्यावर पहिल्या शनिवारी काहीही न बोलता त्यांनी स्वतःची चादर स्वतः घातली. टॅक्सीवाला हुंदके देऊन रडायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, कोणतं झाकण? मोठं की लहान?

मी मावशीकडे पाहिलं. ती पर्सची कडी उघडत होती, लावत होती. तिच्या उभ्या जन्माची पुंजी या माणसांसमोर कवडीमोल झाली होती, आणि तेही कोणामुळे, तर जिला जॅझ आणि जिना यातला फरक कळत नाही तिच्यामुळे.

"मास्तरांना डाव्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं," मावशी म्हणाली.

आता खुर्च्या तिच्याकडे वळल्या.

ते माझ्याकडे यायचे, असं ती म्हणाली. दुकान बंद झाल्यावर, मागच्या दाराने, कोणाला कळू नये म्हणून. बारीक, उंच आवाज डाव्या कानातून गेले होते. तिने ते इतकं बारकाईने सांगितलं, कुठला आवाज ऐकू आला की बटण दाबायचे, कुठल्या आवाजाला नुसते बसून राहायचे, की शंका घ्यायला जागाच उरली नाही. कानाच्या बाबतीत ती कधी चुकत नाही हे मंडळींना माहीत होतं. त्यांच्यातल्या निम्म्यांचे कान तिनेच तपासले होते. दुकानदार डोळे पुसत म्हणाला की रविवारी मोठी सभा ठेवतोय, मास्तरांच्या पत्नी येणार आहेत, तुम्ही बोलायलाच हवं.

परतताना मावशी मागच्या सीटवर बसली, आई माझ्या शेजारी. मग आई पुढे बघतच म्हणाली, "ताई, ते फोन नेहमी डाव्या कानाला लावायचे."

घर आल्यावर मावशी उतरली आणि तिने दार असं आपटलं की काच हलली.

पुढचे काही दिवस मावशी आनंदात होती. खोटं बोलून माणूस इतकं टवटवीत दिसू शकतं हे मी पहिल्यांदाच पाहत होते. तिने नवे बूट घेतले. दुकानात माणसं नुसती तिला बघायला यायला लागली. भाषणाच्या तयारीसाठी तिने आईला फोन करायला सुरुवात केली, आणि हे मला सगळ्यात वाईट वाटलं. चष्मा लावायचे का? कोट कोणत्या रंगाचा? हसायचे कसे? जिच्यावर जळत होती तिच्याकडूनच ती एकेक तपशील काढून घेत होती. आई सगळं सांगत राहिली. मी रागावले तेव्हा म्हणाली, "अगं, मला त्याचं काय करायचंय? तिला हवंय ना?"

मावशीला जाळत होतं ते नेमकं हेच, पण आईच्या ते लक्षात येत नव्हतं.

रविवारी सकाळी संगीतशाळेचं सभागृह भरलं. मंचावर मास्तरांचा ड्रमसेट, मागचं स्टूल रिकामं. मास्तरांच्या पत्नी पुढच्या रांगेत बसल्या होत्या, लहानखुऱ्या, केस कापलेल्या. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्यांनी निरोप पाठवला की कानाच्या बाईंना भेटायचंय. मावशी मला बरोबर घेऊन गेली. मंचाच्या बाजूला वाद्यांच्या पेट्या ठेवायची एक खोली होती, तिथे त्या उभ्या होत्या.

"तुमच्याकडे यायचे ते?" त्यांनी विचारलं.

मावशीने मान डोलावली.

त्या जरा मोठ्याने बोलत होत्या. कान दाखवा म्हणून मी किती वर्षं मागे लागले होते, त्या म्हणाल्या. टीव्ही मोठा लावायचे, त्यावरून भांडणं व्हायची. मला काही झालेलं नाही, हेच उत्तर. शेवटी मी सोडून दिलं. आणि आता परक्या माणसांकडून कळतंय.

"दुकान बंद झाल्यावर यायचे म्हणे," त्या म्हणाल्या. "मला सांगायला काय झालं होतं? बायको होते मी."

मास्तरांवरून कोणीतरी आपल्यावर जळावं, ही मावशीची इच्छा अशी पुरी झाली. मी तिच्या तोंडाकडेच बघत होते. क्षणभर तिथे आनंद दिसला, नाही म्हटलं तर खोटं होईल. मग तो गेला. ती जवळच्या पेटीवर बसली, नवे बूट जुळवून.

"नाही आले कधी," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

बाईंनी ऐकलं नाही असं वाटून तिने ते पुन्हा, मोठ्याने सांगितलं. मग बाकीचंही सांगितलं. धाकट्या बहिणीचं, खोलीचं, उशांचं. तिला सगळं मिळालं आणि तिला त्याची किंमतही नव्हती, मला बघवलं नाही, असं ती म्हणाली.

"म्हणजे ते तुमच्याशी कधी बोललेच नाहीत?"

"एकदा बोलले. कार्यक्रमानंतर. मी त्यांना काय सांगायचं ते वर्षानुवर्षं पाठ करून ठेवलं होतं. ते घाम पुसत बाहेर आले आणि म्हणाले, टॉयलेट कुठंय?"

बाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, मी पाणी दिलं. "हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "हे अगदी त्यांचंच आहे." मग त्यांनी डोळे पुसले आणि चेहरा पुन्हा कठोर झाला. बाहेर जाऊन हे सगळ्यांना सांगा, असं त्या म्हणाल्या. माझ्यापासून त्यांनी काही लपवलं, असं लोकांनी समजून घरी जायला नको.

मावशी मंचावर गेली. मास्तर माझ्याकडे कधी आले नव्हते, त्यांच्या कानांचं मला काही माहीत नाही, मी जळून खोटं बोलले, एवढंच तिने सांगितलं. कोणी आरडाओरडा केला नाही. दुकानदाराने तिच्या हातातून माईक काढून घेतला आणि तो तिच्याकडे न बघता बाजूला उभा राहिला. डॉक्टर बुटांकडे बघत होते. ती खाली येऊन माझ्या शेजारी बसली तेव्हा मागच्या रांगेतली कुजबुज आम्हाला दोघींनाही स्पष्ट ऐकू येत होती.

मग मास्तरांच्या पत्नीने खोली आवरणाऱ्या बाईंना बोलायला बोलावलं. आई आढेवेढे घेत गेली आणि तिने तेच, तसंच, साधं सांगितलं. ओले टॉवेल, झाकणं, चादर. सभागृह रडत होतं. मावशी समोर बघत बसली होती. कबुली दिल्यावर तिच्या मनातला मत्सर धुऊन निघाला, असं मी म्हणणार नाही. आई चादरीपाशी आली तेव्हा मावशीने माझा हात इतका घट्ट दाबला की बोटं दुखली.

चाहत्यांनी तिला काढून टाकलं नाही, पण तिच्यासाठी खुर्ची राखून ठेवणं बंद झालं. तरी ती जात राहिली. मागे उभी राहून ऐकायची आणि निघून यायची.

काही आठवड्यांनी मास्तरांच्या पत्नी दुकानात आल्या. स्वतःचे कान तपासायला. मावशीने त्यांना आतल्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. मावशी आवाज सोडत गेली आणि बाई नुसत्या बसून राहिल्या. बारीक, उंच आवाज त्यांच्या दोन्ही कानांतून गेले होते. लग्न झाल्यापासून मास्तरांचा सराव घरातच चालायचा, शेजारच्याच खोलीत, आणि त्या दार उघडं ठेवायच्या. टीव्ही मास्तरांनी मोठा केला होता तो कोणासाठी, हे मावशीच्या लक्षात आलं. बाईंच्याही आलं असावं. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

यंत्र बसवायला, नीट जुळवायला त्या चार-पाच वेळा येऊन गेल्या. मावशीने त्यांना मास्तरांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्या सांगत, तेवढं ऐकलं. मंडळींना तिने त्यातलं काहीच कळू दिलं नाही. फक्त आईला सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात, मी समोर असताना.

आई चहाचे कप विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "माझ्याकडे मेलीकडे त्यांची बायको कधी येऊन बसली नाही हो. नशीब लागतं."

मावशी खुर्चीत मागे टेकून बसली आणि त्या दिवशी जेवायला थांबली. आईला खरंच हेवा वाटला होता, की थोरल्या बहिणीला बरं वाटावं म्हणून ती तसं बोलली, हे मी आईला अजून विचारलेलं नाही.