गोटूचा आवाज

इंद्रलोक नावाच्या वसाहतीतल्या त्या बिल्डिंगीत सुचेताला तिच्या नावाने फारसं कुणी ओळखायचं नाही. सगळ्यांसाठी ती 'गोटू'च. गोटू म्हणजे आठ वर्षांपूर्वी आलेल्या एका कार्टून सिनेमातलं पाणमांजराचं पिल्लू. मराठीत त्याला आवाज दिला होता सुचेताने. लहान पोरांचे आवाज बहुधा बायाच काढतात, पण चाळिशी उलटलेल्या सुचेताच्या गळ्यात ते सहा वर्षांचं पोर असं काही बसलं होतं, की लिफ्टमधली मुलं तिच्याकडून दोन वाक्यं वदवून घेतल्याशिवाय तिला सोडायची नाहीत.

तो आवाज तिने उचलला होता परागकडून, तिच्या एकुलत्या एका मुलाकडून. लहानपणचा त्याचा जरा नाकातला, हट्टी सूर. नवरा गेल्यावर मायलेक दोघंच उरले. पराग मोठा झाला, त्याचा आवाज फुटला, पण छोटा पराग हिने गळ्यात तसाच जपून ठेवला. तो रुसला की ही त्याच आवाजात त्याची मनधरणी करायची. आधी त्याला हसू यायचं. पुढे पुढे तो उठून गॅलरीत जायला लागला. सुचेताला हे दिसत होतं. पण हौस सुटेल तर शपथ.

हॉटेल मॅनेजमेंट करून परागला मस्कतला नोकरी लागली आणि त्याच सुमारास गोटूच्या दुसऱ्या भागाचं काम आलं. या भागात गोटू मोठा होतो आणि आईचं तळं सोडून समुद्राकडे जातो. मोठ्या गोटूला कुणा तरण्या मुलाचा आवाज. सुचेताच्या वाट्याला सुरुवातीचे थोडे सीन. दोन्ही पोरं एकदमच निघालेली बघून ती घाबरली.

खोटं बोलायचं तर माणसाने बेताचं तरी बोलावं. हिने थेट सांगितलं, "पराग, डॉक्टर म्हणतायत घशात गाठ आहे. बोलायला मनाई केलीय. पिक्चरलाही मी नाही म्हटलं."

परागचा चेहरा उतरला. त्याने तिकीट पुढे ढकललं. मस्कतवाले महिनाअखेरपर्यंत थांबणार होते. त्यानंतर ती जागा दुसऱ्या कुणाला.

मग घरात बोलणंच बंद झालं. सुचेता खुणा करायची, पराग मान हलवायचा. घरात अभद्र बोललं की वास्तू तथास्तु म्हणते, असं तिच्या सासूबाई सांगायच्या. तेव्हा सुचेता हसायची. आता चहाचा घोट उतरताना घशात काहीतरी टोचायला लागलं. ती आरशासमोर तोंड उघडून, मोबाईलचा टॉर्च मारून आत बघायची. पराग ज्येष्ठमधाचा काढा करून द्यायचा आणि तो संपेपर्यंत तिच्या गळ्याकडे एकटक बघत बसायचा. शेजारची दिव्या येऊन हळूच म्हणाली, "माझ्या मावशीचंही असंच सुरू झालं होतं." त्या दिवशी सुचेताला जेवण गेलं नाही. खरंच काही निघालं तर, ही एक भीती. आणि काहीच नाही हे कळून पराग गेला तर, ही दुसरी. दुसरी मोठी होती, याची तिला लाजही वाटायची.

महिना संपत आला. गोटू दुसऱ्या बाईला द्यायचा, हे काही तिच्याने होईना. डॉक्टरकडे जाते अशी खूण करून ती मीरा रोडच्या स्टुडिओत गेली. घाईत मोबाईल घरीच राहिला.

पाणमांजरं पाण्यावर झोपतात तेव्हा वाहून जाऊ नये म्हणून एकमेकांचे हात धरतात. सीन त्यातलाच होता. सुचेता माईकसमोर उभी राहिली. मनात धाकधूक होती, आवाज येतोय की नाही.

"आई, हात सोड ना गं! मला पोहता येतंय आता."

आवाज खणखणीत आला. टोचणं नाही, काही नाही. सुटल्यासारखं वाटून तिचे डोळे भरून आले.

"ताई, एकदम मक्खन!" काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट लोकेश म्हणाला. "अजून एक टेक घेऊन ठेवूया, सेफ्टीला."

तिने परत दिला, पहिल्यापेक्षा सरस. मग वर बघितलं. लोकेशच्या खुर्चीमागे पराग उभा होता, हातात तिचा मोबाईल घेऊन. ती पोचायच्या आधी, ताई कुठपर्यंत आल्या म्हणून लोकेशने फोन केला होता. तो परागने उचलला होता.

"आईंचा आवाज ऐकला ना भाऊ?" लोकेश कौतुकाने म्हणाला. "आठ साल झाले, जरा पण फरक नाही!"

सुचेता बाहेर आल्यावर परागने मोबाईल तिच्या हातात ठेवला. खाली येऊन त्याने रिक्षा थांबवली, आईला हात देऊन आत बसवलं. आता तो ओरडेल म्हणून सुचेता अंग चोरून बसली. त्याने ओरडावं असंच तिला वाटत होतं. ओरडला असता तर रडता आलं असतं, पाय धरता आले असते. रिक्षा बरीच पुढे गेली. शेवटी तिनेच तोंड उघडलं.

"नको आई, बोलू नकोस," पराग म्हणाला. आवाजात राग औषधालाही नव्हता. "डॉक्टरांनी मनाई केलीय ना? मी शुक्रवारी निघतोय. दिव्याताईंना सांगून ठेवतो, त्या लक्ष ठेवतील तुझ्यावर."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती बोलते की काय, याची वाट बघत.

सुचेताने हो म्हणून मान हलवली.