गच्चीवरचा पहारा

इंटरनेट बंद पडलं की कंपनीचा फोन एवढंच सांगतो, राउटर बंद करून चालू करा. मग मी केबलवाल्या भाऊंना फोन लावते. ते "निघालोच" म्हणतात आणि सवडीनं येतात. राउटरकडे न बघता थेट गच्चीवर जातात.

त्या दिवशी मात्र लगेच आले. लेकीची नोकरीची मुलाखत ऑनलाइन होती आणि कुरडया खायला आलेल्या माकडांनी वायर तोडली होती.

"वायरखाली कुरडया कायले वाळू घातल्या, ताई?" माझ्यावर खेकसत त्यांनी वायर जोडली. पण गेले नाहीत. काठी घेऊन भर उन्हात तिथंच बसले.

शेवटी लेक धावत वर आली. "काका, झाली मुलाखत!"

त्यांनी काठी खाली ठेवली. "मंग येऊ द्या आता माकडायले."