कोटवाला प्रोग्राम

औंढ्यात आमचा फोटो स्टुडिओ होता. पप्पा काउंटरवर बसत आणि मी पडद्यामागे, कॉम्प्युटरवर. इंग्रजी शाळेत शिकले म्हणून मला कॉम्प्युटर कळतो, असं पप्पांचं मत होतं. तिथे गिऱ्हाइकांशी बोलावं लागत नसे, म्हणून मलाही ती जागा बरी वाटायची.

लोकांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचे. एका उन्हाळ्यात दोन लग्नांचे फोटो गेले, तेव्हा मीच म्हटलं, विंडोज काढू आणि लिनक्स टाकू. पप्पांनी एवढंच विचारलं, "फोटो निघतील ना?" मी मान हलवली.

फोटो निघाले, पण कोटवाला प्रोग्राम गेला. घरात कुणी वारलं की लोक तेरवीसाठी मोठा फोटो करून घेत, आणि पुष्कळांकडे त्या माणसाचा लग्नाच्या घोळक्यातला चेहरा तेवढा असायचा. नांदेडहून आणलेल्या त्या प्रोग्राममध्ये तयार धडं होती: कोट-टाय, फेटा-धोतर, डोक्यावर पदर घेतलेली नऊवारी. चेहरा कापायचा आणि धडावर बसवायचा. नव्या सिस्टिमवर ती सीडी चालेचना.

दोन रविवार मी हिंगोलीच्या नेट कॅफेत बदली प्रोग्राम शोधला. इंग्रजी फोरमवर असेच अडकलेले लोक होते. एक दाताचा डॉक्टर, एक लाकडाच्या वखारीचा मालक. गेलेल्या माणसाला कोट घालणारा प्रोग्राम कुणीच मागितला नव्हता. मी प्रश्न टाइप केला, दोनदा वाचला आणि पुसून टाकला. शेवटी फोटोचा एक फुकट प्रोग्राम घेऊन आले. त्यात कापता येत होतं, थरावर थर चढवता येत होता. धड मात्र एकही नव्हतं.

त्याच आठवड्यात बंजाऱ्यांच्या तांड्यावरून एक भाऊ-बहीण आले. त्यांची आई गेली होती. पप्पांनी मला न विचारताच "परवा या" म्हणून सांगितलं. मग पडद्याआड येऊन म्हणाले, "जमलं न्हाई तर नांदेडच्या माणसाला बोलावतो. जुनं विंडोजच परत टाकून देईल."

आमच्या जुन्या अल्बममधून मी नऊवारीतली एक बाई शोधली आणि तिच्या धडावर म्हातारीचा चेहरा बसवला. बरा जमला होता. ती दोघं आली. बहिणीने फोटो हातात घेतला.

"ही कोन बाई हाय?"

"तुमची आईच की," पप्पा म्हणाले.

"तोंड याडीचं, आईचं हाय. पन ही तर मास्तरीण दिसून राहिली. आमच्या याडीनं जन्मात साडी नेसली न्हाई, साहेब."

"चालते हो," तिचा भाऊ ओशाळून म्हणाला. "तांड्यात सगळ्यांचे असेच हायेत."

"तुझ्या फोटोला चालव. याडीच्या न्हाई."

तांड्यातल्या बायकांना आम्ही कितीतरी वर्षं नऊवारी नेसवत होतो. कोटवाल्या प्रोग्राममध्ये दुसरं काही नव्हतं आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

मी पडद्याबाहेर आले. "मावशी, त्यांचे कपडे आहेत का?"

"पेटीत हायेत."

"उद्या आणा. तुम्हीच घालून बसा."

"तेरवी परवा हाय, ताई," भाऊ म्हणाला.

"होईल," मी म्हटलं. पप्पांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पप्पा लग्नाच्या शूटिंगला गेलेले. ती घागरा, काचळी आणि आरशांची ओढणी घालून स्टुलावर बसली. फोटो मलाच काढावा लागला. घोळक्याचा फोटो जरा वरून काढलेला होता. "मान जरा खाली," मी म्हटलं.

"याडी मान खाली घालत नव्हती."

मग मी कॅमेराच वर घेतला. घोळक्यातला चेहरा मोठा केल्यावर दाणेदार दिसत होता, म्हणून धडही तेवढंच दाणेदार केलं. मानेचा रंग जुळवण्यात संध्याकाळ झाली.

तेरवीच्या सकाळी भावाने फ्रेम पाहिली आणि लगेच कागदात गुंडाळायला घेतली. बहिणीने ती काढून घेतली. बराच वेळ पाहून म्हणाली, "हात माझे हायेत."

आईच्या हातात कोपरापर्यंत पांढरे चुडे असत. फोटोत हिच्या काचेच्या बांगड्या होत्या. माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. "बदलते. तासभर लागेल," मी म्हटलं.

"राहू द्या," ती म्हणाली आणि फ्रेम स्वतःच काखेत धरून निघाली.

पप्पांनी नांदेडला फोन केला नाही. तिच्या धडाचा फोटो पुढच्या कामांसाठी ठेवायला सांगत होते. मी ठेवला नाही. पुढच्या वेळी तांड्यावरून कुणी आलं, तेव्हा बाहेर येऊन आधी कपड्यांचं विचारलं.